गोडेलच्या १९३१च्या निबंधाचं छोटं पुस्तक: अस्सल प्रत घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा

तारखात्यात मी ३९ वर्षं काढली. १९७४ला मोर्सच्या कीवर बसलो, पुढे टेलिप्रिंटर आला, शेवटी संगणक आला. २०१३च्या फेब्रुवारीत निवृत्त झालो आणि त्याच वर्षी १४ जुलैला तारसेवाच बंद झाली. गणिताचं शिक्षण म्हणाल तर इंटर सायन्सपर्यंतचं. हे आधीच सांगतो, कारण ज्या पुस्तकाबद्दल लिहितोय ते गणितातल्या तज्ज्ञांचं समजलं जातं, आणि मला ते ज्या वाटेनं कळलं ती वाट तार ऑफिसातून गेलेली आहे.

पुस्तक म्हणजे तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांचा १९३१ सालचा अपूर्णतेचा निबंध, म्हणजे अंकगणिताच्या नियमबद्ध पद्धतीत खरं असूनही सिद्ध न होणारं विधान असतं हे दाखवणारा. मूळ जर्मन. इंग्रजी अनुवाद बी. मेल्टझर यांचा, प्रस्तावना आर. बी. ब्रेथवेट यांची, पहिली छपाई १९६२ची. आज मिळते ती डोव्हरची १९९२ची कागदी बांधणीची आवृत्ती. पानं शंभराच्या आत, वजन एखाद्या दिवाळी अंकापेक्षा कमी. गेले सात महिने ते माझ्या टेबलावरून हललेलं नाही.

अभिप्राय लिहायला बसलो त्याला एक कारण आहे. गोडेलचं नाव निघालं की लोक लगेच ‘माणसाच्या बुद्धीला मर्यादा आहेत’ असं म्हणून मोकळे होतात. पुस्तकात असलं वाक्य नाही. पुस्तकात आहे ती आकडेमोड, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मला तीच आवडली.

आमच्याकडे शुभेच्छांच्या तारांची एक छापील यादी काउंटरवर लावलेली असायची. दिवाळीच्या शुभेच्छांना एक आकडा, लग्नाला दुसरा, बाळ झालं तर तिसरा. गिऱ्हाइकानं फॉर्मवर नुसता आकडा लिहायचा. आम्ही तारेवरून तो आकडा पाठवायचो आणि पलीकडच्या गावात पूर्ण वाक्य टाइप होऊन पाकिटात पडायचं. लग्नसराईत दिवसभर तोच तो आकडा वाजवून बोटं दुखायची. म्हणजे वाक्याच्या जागी आकडा ठेवता येतो, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. पण त्या यादीची अडचण अशी होती की यादी दोन्हीकडे असायला हवी, आणि यादीत नसलेलं वाक्य आकड्यात घालायची सोय नाही. शिवाय आकड्यात वाक्याचं काहीच उतरलेलं नसतं. दोन आकड्यांची बेरीज केली म्हणून दोन शुभेच्छा एकत्र होत नाहीत.

गोडेलची यादी अवघी सात खुणांची आहे. शून्याला १. ‘याच्या पुढची संख्या’ असं सांगणारं जे एफ अक्षर आहे, त्याला ३. नकाराला ५, ‘किंवा’ला ७, ‘सगळ्यांसाठी’ या खुणेला ९, उघडणाऱ्या कंसाला ११ आणि बंद होणाऱ्या कंसाला १३. चलांना, म्हणजे संख्येच्या वगैरे जागी येणाऱ्या अक्षरांना, १३च्या पुढच्या मूळ संख्या आणि त्यांचे घात. एवढ्यावर अंकगणितातलं कोणतंही विधान लिहिता येतं. मग लिहिलेल्या ओळीतल्या खुणांचे आकडे क्रमानं घ्यायचे आणि २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्यांच्या डोक्यावर घातांक म्हणून ठेवायचे. सगळ्यांचा गुणाकार केला की त्या ओळीचा आकडा तयार.

इथेच माझी फसगत झाली, आणि घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. पहिली प्रत मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून २१० रुपयांना मागवली. मुखपृष्ठ चकचकीत होतं. आतला मजकूर मात्र कुठल्यातरी यंत्रानं जुनी पानं वाचून पुन्हा जुळवलेला होता. घातांक डोक्यावरून घसरून ओळीत येऊन बसलेले. त्यामुळे मूळ संख्येचा घात घ्यायच्या ठिकाणी मला साधा गुणाकार दिसला. मी तसाच करून पाहिला. ‘एफ०’ ही दोन खुणांची ओळ घेतली, म्हणजे शून्याच्या पुढची संख्या, आपला एक. आकडे ३ आणि १. दोन गुणिले तीन, त्याला तीन गुणिले एकनं गुणलं. आले १८. मग सहज खुणा उलट्या केल्या, ‘०एफ’, जिला काही अर्थच नाही. तिचेही १८च आले.

दोन दिवस मी त्या १८कडे बघत होतो. ज्या माणसानं आयुष्यभर एकेक अक्षर क्रमानं वाजवलंय, त्याला ओळ उलटी केल्यावर आकडा बदलत नाही हे खपणंच शक्य नव्हतं. क्रम गेला की तार गेली. गोडेलसारखा माणूस ही चूक करणार नाही एवढी खात्री होती, पण चूक कुठे आहे ते सापडेना. शेवटी भाचीला फोन केला. ती पुण्यात गणितात एमएस्सी करते. मी ओळ वाचून दाखवली तशी ती लगेच म्हणाली, “मामा, ते गुणाकार नाहीत, घातांक आहेत. छपाई गंडलीये. ती प्रत आधी परत करा.”

दोनचा तिसरा घात ८, तीनचा पहिला ३, गुणाकार २४. उलट केलं तर दोनचा पहिला घात आणि तीनचा तिसरा, २ गुणिले २७, म्हणजे ५४. चोवीस वेगळे, चोपन्न वेगळे. ताळा जमला आणि मला जे वाटलं ते कसं सांगू, मोर्सची परीक्षा पास झालो त्या दिवशीसारखं वाटलं.

त्या प्रतीत काही ओळींत नकाराची खूणही उडालेली होती. या निबंधात नकाराची खूण उडणं म्हणजे सगळंच उलटं होणं. शिवाय गोडेलनं एक काळजी घेतलीय: ‘विधान’ हा शब्द खऱ्या विधानासाठी असेल तेव्हा तो एका ठशात, आणि विधानाच्या आकड्यासाठी असेल तेव्हा वेगळ्या ठशात. अख्खा निबंध या दोन पातळ्यांच्या फरकावर उभा आहे. बनावट प्रतीत दोन्हीकडे एकच ठसा होता. पैसे परत मिळाले, पण गेलेले दिवस मिळत नाहीत. तेव्हा स्वस्त प्रत दिसली की आधी आतल्या एका पानाचा फोटो मागा आणि घातांक डोक्यावर आहेत ना ते बघा. अस्सल प्रत मला भाचीनं दिली.

अस्सल प्रत हातात आल्यावर मी रोज सकाळी चहानंतर तासभर बसायला लागलो. एक आकडा इथे सोडवून दाखवतो, कारण केल्याशिवाय याची गोडी कळत नाही. १०८० घ्या. निम्मे ५४०, निम्मे २७०, निम्मे १३५. आता निम्मे होत नाहीत. म्हणजे २ तीनदा गेला. १३५ला ३नं भागा: ४५, १५, ५. तीनही तीनदा गेला. उरले ५, ते एकदा. घातांक झाले ३, ३, १. यादीत पाहा: एफ, एफ, शून्य. ‘शून्याच्या पुढच्याच्या पुढची’, म्हणजे दोन. १०८० या आकड्याच्या पोटात ‘दोन’ हे नाव होतं आणि ते नुसत्या भागाकारानं बाहेर आलं. पलीकडे कुठलीही यादी धाडायची गरज पडली नाही, सात खुणा पाठ असल्या की झालं.

‘तीन’चा आकडा येतो १,८९,०००. ‘चार’चा १० कोटी १८ लाख ७१ हजार. ‘पाच’ करायला बसलो तर १६,०२४ कोटी ३० लाख ८३ हजार आले. तिथे मी थांबलो. गोडेलनंही निबंधात कुठेच असला आकडा काढून दाखवलेला नाही. आकडा ठरलेला आहे आणि तो काढायची रीत पक्की आहे, एवढं त्याला पुरतं.

मूळ संख्याच का, हा प्रश्न मला मोर्समुळे पडला आणि उत्तरही मोर्समधूनच मिळालं. मोर्समध्ये ए म्हणजे आधी छोटा ठोका, मग लांब. पण नुसता छोटा ठोका म्हणजे ई आणि नुसता लांब म्हणजे टी. मधला गॅप जरा जास्त पडला की ए चे ई-टी होतात. नवीन पोरं यातच मार खायची. सगळी भिस्त गॅपवर. गोडेलच्या पद्धतीत गॅप सांभाळावाच लागत नाही. कुठल्याही संख्येची मूळ संख्यांत फोड एकाच प्रकारे होते हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. २ म्हणजे पहिली जागा, ३ म्हणजे दुसरी, ५ म्हणजे तिसरी. जागा आणि खूण दोन्ही त्या एका आकड्यात कायमच्या बसतात. कोणी कितीही वेळा पाठवा, कोणीही उघडा, तीच ओळ निघणार.

पुढची पायरी अशी की सिद्धता म्हणजे तरी काय, एकाखाली एक लिहिलेल्या ओळी. प्रत्येक ओळ एकतर गृहीतक असते किंवा वरच्या ओळींतून नियमानं आलेली असते. प्रत्येक ओळीला आकडा आहेच. ते आकडे पुन्हा २, ३, ५ यांच्या डोक्यावर ठेवले की अख्ख्या सिद्धतेचा एक आकडा होतो. आकार किती वाढतो बघा: पहिल्या ओळीचा आकडा २४ आणि दुसरीचा १०८० असता (ही विधानं नव्हेत, नुसती संख्यांची नावं आहेत, पण अंदाज यावा म्हणून), तर दोघींचा मिळून ५२३ अंकी आकडा होतो. तरीही तो संख्याच. सम आहे का विषम आहे, कशानं भाग जातो, हे प्रश्न तिला लागू पडतातच.

आणि म्हणून ‘ही त्या विधानाची सिद्धता आहे का’ हा प्रश्न ‘या संख्येचा त्या संख्येशी अमुक संबंध आहे का’ असा होऊन जातो. हे गोडेल नुसतं म्हणत नाही, करून दाखवतो. ४६ व्याख्या एकीखाली एक. पहिली: एका संख्येला दुसरीनं भाग जातो का. दुसरी: संख्या मूळ आहे का. सहावी: ओळीतली अमुकावी खूण कोणती, म्हणजे मी १०८०वर जे केलं तेच. सातवी: ओळीची लांबी किती. आठवी: दोन ओळी एकापुढे एक जोडल्यावर येणारा आकडा. शुभेच्छांच्या यादीला जे जमत नव्हतं ते इथे आठव्या पायरीला जमतं. असं चढत चढत चव्वेचाळिसावी: हा आकडा म्हणजे सिद्धता आहे का. पंचेचाळिसावी: हा आकडा म्हणजे त्या विधानाची सिद्धता आहे का.

पंचेचाळीसपर्यंत प्रत्येक व्याख्येत एक शिस्त आहे. जिथे काही शोधायचं तिथे कुठपर्यंत शोधायचं ते आधी सांगितलेलं असतं. त्या हद्दीपर्यंत गेलात की उत्तर मिळतंच, हो किंवा नाही. मग शेहेचाळिसावी येते, एका ओळीची: विधान सिद्ध होण्याजोगं आहे, म्हणजे त्याची सिद्धता असलेला एखादा आकडा आहे. कुठपर्यंत शोधायचं, ते लिहिलेलं नाही. लिहिता येत नाही. ही एकटीच अशी आहे की वरच्यांसारखी हिची खात्री देता येत नाही, आणि हे गोडेल स्वतः तिथेच नमूद करतो.

या दोन व्याख्यांमध्ये मी तीन आठवडे थांबलो. कारण हा फरक मी काउंटरवर बसून पाहिलेला आहे. आलेली तार तपासता येते. शब्द मोजा, आकडे पुन्हा वाजवून घ्या, ताळा घ्या, झालं. पण एक बाई होत्या, मुलगा परगावी कामाला गेलेला, त्या आठ दिवस रोज संध्याकाळी येऊन विचारायच्या, “भाऊ, माझी तार आली का हो?” मी ‘अजून नाही’ म्हणू शकत होतो. ‘येणार नाही’ हे मी कशाच्या जोरावर म्हणणार? रात्री लाइन शांत असते तेव्हा ती तार उशिरा निघालीय की निघालीच नाही, हे त्या शांततेतून कळत नाही. मुलाची तार नवव्या दिवशी आली, खुशालीची होती. आठव्या दिवशी मला ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायला काही साधनही नव्हतं. पंचेचाळीस म्हणजे आलेली तार, शेहेचाळीस म्हणजे वाट बघणं.

मग गोडेलचं ते गाजलेलं विधान येतं. लोक म्हणतात की ते विधान ‘मी सिद्ध होत नाही’ असं म्हणतं. पण अंकगणितात ‘मी’ कुठून आणणार? ‘मी’ न वापरता हे कसं साधलं ते मला फॉर्मवरून समजलं. समजा एक छापील फॉर्म आहे आणि त्यात एक जागा मोकळी आहे. मजकूर असा: ‘नंबर अमुकच्या फॉर्मवर मोकळ्या जागेत त्या फॉर्मचाच नंबर भरला तर जे विधान होतं, त्याची सिद्धता असलेला एकही आकडा नाही.’ ‘अमुक’ ही मोकळी जागा. आता हा मजकूर म्हणजेसुद्धा खुणांची ओळ आहे, म्हणजे याही फॉर्मला स्वतःचा नंबर आहे. तो नंबर मोकळ्या जागेत भरा. भरलेला फॉर्म कोणाबद्दल बोलतोय? ‘त्या नंबरच्या फॉर्मवर त्याचाच नंबर भरून होणाऱ्या विधानाबद्दल’. आणि आत्ता आपण भरलं तेच ते विधान. स्वतःकडे बोट न दाखवता ते स्वतःबद्दल बोललं.

मी हे खरोखर कागदावर केलं. मराठीत फॉर्म लिहिला, नंबर म्हणून नुसतं ‘प’ धरलं, मोकळ्या जागेत ‘प’ भरलं आणि मोठ्यानं वाचलं. बायको आतून म्हणाली, “कोणाशी बोलताय?” मी तिला बोलावून दोन्ही कागद दाखवले, भरायच्या आधीचा आणि भरल्यानंतरचा. तिनं दोन्ही वाचले आणि म्हणाली, “हा दुसरा कागद स्वतःचीच चौकशी करतोय.” यापेक्षा नेमकं मी अजून कुठे वाचलेलं नाही.

निबंधात हे सगळं १७ आणि १९ या चलांच्या दोन आकड्यांवर चालतं, आणि शेवटी जे विधान हाताला लागतं त्याचं नाव ‘१७ जेन आर’. अर्थ असा की कुठलाही आकडा घ्या, तो माझी सिद्धता नव्हे. त्याला सिद्धता असेल तर ते खोटं ठरतं आणि पद्धत, म्हणजे गृहीतकं आणि नियम यांचा हा सगळा संच, स्वतःशीच भांडते. म्हणून पद्धत सुसंगत असेल, म्हणजे तिच्यात एखादं विधान आणि त्याचा नकार दोन्ही सिद्ध होत नसतील, तर सिद्धता नाही. मग १ हा आकडा त्याची सिद्धता नाही, हे पद्धतीत सिद्ध होतं. २ नाही, हेही होतं. तीनही नाही, चारही नाही. कुठलाही एक आकडा पुढे करा, ‘हा नव्हे’ असं पद्धत सिद्ध करून देते. पण ‘कोणताच नव्हे’ हे एकदम सिद्ध करून देत नाही. रोज ‘आज नाही’ म्हणता येतं आणि ‘कधीच नाही’ म्हणता येत नाही, तसं. फरक एवढाच की इथे आपण बाहेर उभे आहोत, आणि ती सिद्धता कधीच येणार नाही हे बाहेरून आपल्याला दिसतं. म्हणजे विधान खरं आहे, आणि आतून हाती लागत नाही. उलट बाजूनं, त्याचा नकारही सिद्ध होत नाही हे दाखवायला गोडेलनं साध्या सुसंगतीपेक्षा थोडी कडक अट घातली होती. १९३६ला रॉसर या तर्कशास्त्रज्ञांनी साध्या सुसंगतीवरही भागतं हे दाखवलं.

आता जे ऐकून मला त्रास होतो त्याबद्दल. ‘गोडेलनं सिद्ध केलं की काहीच नक्की सांगता येत नाही’ असं भाषणांत ऐकू येतं. हे चूक आहे. निबंधाच्या अटी स्पष्ट आहेत: गृहीतकं कोणती ते यांत्रिकपणे ओळखता यायला हवं, पद्धत सुसंगत हवी, आणि तिच्यात पुरेसं अंकगणित मावायला हवं. शेवटची अट काढा, नुसती बेरीज ठेवा आणि गुणाकार सोडा, तर गोष्टच बदलते. प्रेसबर्गर या गणितज्ञांनी १९२९मध्ये दाखवलं की तिथलं प्रत्येक विधान खरं की खोटं हे ठरवता येतं. म्हणजे मर्यादा नेमकी कुठून सुरू होते हेसुद्धा माहीत आहे. एवढ्या नेमक्या गोष्टीला ‘सगळंच अनिश्चित’ म्हणणं म्हणजे आलेली तार न वाचता फेकून देणं.

निबंधाच्या शेवटी दुसरा मोठा निकाल आहे: अशी पद्धत स्वतःची सुसंगती स्वतःच्या आत सिद्ध करू शकत नाही. पुस्तकात हा भाग फार थोडक्यात उरकला आहे. गोडेलनं शीर्षकातच रोमन एक घातला होता, दुसरा भाग लिहून सविस्तर सिद्धता द्यायची होती. तो भाग आलाच नाही.

या निकालामागची हकीकत प्रस्तावनेत पुरेशी नाही असं मला वाटलं, म्हणून इथे देतो. १९३०चा सप्टेंबर, गाव क्योनिग्सबर्ग. २४ वर्षांच्या गोडेलनं ७ तारखेला एका परिषदेतल्या चर्चेत दोन-चार वाक्यांत पहिला निकाल, म्हणजे खरं असूनही सिद्ध न होणारी विधानं असतात हे, सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी त्याच गावात त्या काळचे मोठे गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांचं भाषण झालं आणि त्यात त्यांनी ‘आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळेलच’ असं म्हटलं. हे शब्द पुढे गटिंगेनला त्यांच्या समाधीवर कोरले गेले. चर्चेला हजर असलेल्या फॉन नॉयमन या गणितज्ञानं मात्र गोडेलचं बोलणं पकडलं. त्यानं स्वतः दुसरा निकाल शोधून काढला आणि २० नोव्हेंबरला गोडेलला पत्र लिहिलं. गोडेलचा निबंध व्हिएन्नाच्या मासिकाकडे १७ नोव्हेंबरलाच पोचला होता. तीन दिवसांचं अंतर. पोहोचेची तारीख काय चीज असते हे तारखात्यातल्या माणसाला सांगायला नको.

पुस्तकाच्या उणिवा आहेत. प्रस्तावना जवळपास अर्धं पुस्तक खाते, आणि ती आधी वाचायला घेतली तर माणूस दमतो. मी सांगेन की आधी गोडेलचा पहिला विभाग वाचा. तीन-चार पानांत त्यानं सगळा आराखडा साध्या भाषेत मांडलाय. मग दुसऱ्या विभागातल्या व्याख्या पेन्सिलीनं करा, आणि अडलात की प्रस्तावनेकडे वळा, तेव्हा ती खरी उपयोगी पडते. व्याख्यांची नावं जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांची आहेत, त्यामुळे सुरुवातीला अडखळायला होतं. मी एका पुठ्ठ्यावर त्यांची मराठी यादी करून पानात ठेवली. तिसरा विभाग, ज्यात हे सगळं शेवटी नुसत्या बेरीज-गुणाकारात उतरवलंय, मला भाचीशिवाय जमला नाही.

दुसरं म्हणजे अनुवाद १९६२चा असल्यामुळे १९६३ला गोडेलनं जोडलेली टीप यात नाही. ट्युरिंग या गणितज्ञाच्या कामामुळे ‘यांत्रिक पद्धत’ म्हणजे काय हे पक्कं झालं, म्हणून आपला निकाल आता अशा सगळ्याच पद्धतींना लागू पडतो, असं त्यानं त्यात सांगितलंय. अभ्यासकांना पूर्ण मजकूर हवा असेल तर १९६७चा फान हेयेनोर्ट यांचा अनुवाद पाहावा, तो गोडेलनं स्वतः तपासून मान्य केलेला होता. पण तो एका जाडजूड संग्रहाचा भाग आहे. हातात धरून, खुर्चीत बसून, समासात पेन्सिलीनं लिहायला हेच छोटं पुस्तक बरं. पाचपैकी साडेचार तारे, अर्धा त्या टिपेसाठी कापला.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला पोस्टकार्ड टाकलं. आम्ही दोघं एकाच वेळी कीवर बसलेले. कार्डावर सात खुणांची यादी लिहिली, मूळ संख्यांची रीत दोन ओळींत लिहिली आणि खाली एवढंच: १०८०. आठ दिवसांनी उत्तर आलं. खुशाली, गुडघ्याचं दुखणं, नातवाची परीक्षा, आणि अगदी खाली सहीच्या वर एक आकडा: १,८९,०००.